रॅपरवर ‘ऑरगॅनिक’ छापण्याआधी

दिवाळी आणि लग्नसराईच्या ऑर्डरी घेताना आमच्या चॉकलेटच्या दुकानात एक गोष्ट हमखास घडते. चॉकलेट पसंत पडतं, भाव ठरतो, ॲडव्हान्स येतो आणि मग रात्री दहाला व्हॉट्सॲपवर रॅपरचं डिझाइन येतं. वर गणपती, मध्ये वधूवरांची नावं, खाली कोपऱ्यात भाच्याने इंटरनेटवरून उचललेला हिरवा बेडूक. शेजारी ठसठशीत अक्षरांत ‘१००% ऑरगॅनिक’.

गेल्या मोसमात एका मुंजीच्या तीनशे चॉकलेट-वड्यांची रॅपरं यजमानांनी परस्पर बाहेरून छापून आणली. बेडूक होताच. आम्ही नवराबायको रात्री दीडपर्यंत एकेका बेडकावर सोनेरी टिकली चिकटवत बसलो. हे पत्रक त्या रात्रीमुळे काढलं आहे.

तो बेडूक रेनफॉरेस्ट अलायन्स या संस्थेचा; जंगल आणि शेतात राबणारी माणसं जपून पिकवलेल्या मालाला ती प्रमाणपत्र देते. आवडला म्हणून लावायचं ते चित्र नव्हे. त्यासाठी संस्थेची परवानगी लागते आणि शेतापासून वडी बनवणाऱ्यापर्यंत मधल्या हातांची नोंद लागते. उद्या आम्ही कोकोच्या प्रमाणित बिया आणल्या, तरी तेवढ्यावर तो आमच्या वडीवर बसत नाही. शेतकऱ्याला रास्त मोबदला मिळावा म्हणून असलेल्या फेअरट्रेडच्या चिन्हाचंही तेच. ‘ऑरगॅनिक’ हा शब्द तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत बांधलेला आहे: एनपीओपी (बाहेरची संस्था येऊन तपासते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो), यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र हवं. छोट्या शेतकऱ्याला सूट आहे, पण तो स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल तर. आम्ही बडोद्यात बसून बिया भाजणारे, आम्हाला ती लागू नाही. आणि हो, पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहारी असल्याचा. त्यावर बोट ठेवून “हे काय, ऑरगॅनिकच आहे की!” म्हणणारे महिन्याला दोघंतिघं तरी भेटतात.

मग पुढचा प्रश्न येतो: तुम्ही सर्टिफिकेट का घेत नाही? शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतील ना?

मिळतात, पण किती ते बघा. फेअरट्रेडने ऑक्टोबर २०१९ पासून कोकोचा प्रीमियम, म्हणजे भावावर मिळणारे जादा पैसे, टनाला २४० डॉलर केला. म्हणजे किलोला वीस-एकवीस रुपये. आमच्या ५० ग्रॅमच्या ७० टक्के कोकोवाल्या वडीला, टरफलाची घट धरून, साधारण ४५ ग्रॅम बिया लागतात. वडीमागे रुपयासुद्धा होत नाही. तोही शेतकऱ्याच्या खिशात सरळ न जाता त्याच्या सहकारी संस्थेकडे जातो आणि कुठे खर्च करायचा ते सभासद ठरवतात.

याला आम्ही नावं ठेवत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो. तिथे जंगलतोड आणि शेतात राबणारी मुलं हे खरे प्रश्न आहेत, आणि इथून आपण कुणाच्या शेतात डोकावणार? तिथल्या मालावर बेडूक नसण्यापेक्षा असलेला बरा. पण डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हाही तिथला शेतकरी काही गबर झाला नाही, कारण त्याचा भाव सरकार हंगामाआधी बांधून देतं. २०२५ सरेपर्यंत बाजार निम्म्यावर आला.

आणखी एक. चिन्ह असलेल्या वडीत त्याच शेतातला कोको असेल असं नाही. दूध संकलन केंद्रावर सगळ्यांचं दूध एकाच टाकीत जातं आणि वहीत ज्याचं त्याचं लिटर लिहिलं जातं, तसंच कोकोचं बरंचसं चालतं. कंपनीने जेवढा प्रमाणित माल घेतला, तेवढाच माल चिन्ह लावून विकायचा, बिया मिसळल्या तरी चालतं. फसवणूक नाही, पण ग्राहकाच्या मनातलं चित्र वेगळं असतं.

आमच्या बिया केरळातल्या इडुक्कीच्या. तीन बागा आहेत, एक-दोन एकरांच्या, नारळ-सुपारीच्या सावलीत कोको. तिकडे बरेच शेतकरी फळ फोडून ओल्या बियाच व्यापाऱ्याला देतात, कारण पैसा त्याच दिवशी हातात येतो. आम्हाला हव्यात आंबवलेल्या आणि सुकवलेल्या. लाकडी पेटीत पाच-सहा दिवस, मधूनमधून खालीवर करत, मग उन्हात ओल सात टक्क्यांवर येईपर्यंत. ओल्या तीन किलोंचा सुका जेमतेम एक किलो होतो, त्यात पावसाने गाठलं की बुरशी. हा व्याप करणाऱ्याला बाजारभावाने पैसे दिले तर तो पुढच्या वर्षी करणार नाही, म्हणून आम्ही चढा भाव देतो. वडी महाग वाटते ती त्यामुळे. खरेदीची बिलं दुकानात आहेत, मागा आणि बघा. सर्टिफिकेटवाल्यांची तपासणी झाडं मोजून स्वस्त होत नाही, दोन एकरवाल्याला ती एकट्याने झेपत नाही. पीजीएसच्या गटाला निदान पाच शेतकरी लागतात, आमचे तिघंच आहेत. चौथ्याशी बोलणं चालू आहे.

शनिवारी संध्याकाळी आलात तर ब्लेडने बी कापून दाखवतो. नीट आंबलेली आतून तपकिरी आणि भेगाळलेली, कच्ची राहिलेली जांभळी किंवा पाटीसारखी करडी. दोन्ही चाखा. जांभळी चाखल्यावर भावाची घासाघीस आपोआप कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

रॅपरवर ‘इडुक्कीचा कोको, ७० टक्के’ बिनधास्त छापा, ते खरं आहे. डिझाइन कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी द्या आणि आमचा होकार आल्याशिवाय बाहेर छापू नका. छपाई आमच्याकडून घेतलीत तर शंभर वड्यांच्या वर डिझाइनचे पैसे लावत नाही. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत पार्सल बंद. माल दांडिया बाजारातल्या दुकानातूनच न्यावा लागेल, आणि नेताना डिकीत टाकून सूरसागर तलावाला चक्कर मारायला जाऊ नका. चौतीस अंशांच्या आसपास कोकोचं लोणी वितळतं, डिकी तर भट्टीच असते.