सरळ ठिपके, मधले ठिपके आणि लांबुळकं कमळ

खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते, त्या दिवशी गल्लीतल्या रांगोळ्यांत दरवर्षी तेच दिसतं. सहा पाकळ्यांचं कमळ, त्याच्या आडव्या दोन पाकळ्या आखूड आणि तिरक्या चार लांब. हात सुरेख असतो, रेघ बारीक असते, चूक ठिपक्यांत असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘मधे-मधेच तर दिलेत ठिपके!’

सरळ ठिपके, म्हणजे एकाखाली एक दिलेले, सगळ्यांना येतात. सात ते सात म्हणजे 49, प्रत्येकाला चार शेजारी. चौकट, स्वस्तिक, चार पाकळ्यांचं फूल त्यावर झकास बसतं. समभुज त्रिकोण मात्र त्यावर कधीच बसत नाही, ठिपके कितीही दाट द्या. म्हणून सहा पाकळ्यांना मधले ठिपके लागतात, म्हणजे वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे खालचा: सात ते चार (मधल्या ओळीत सात, मग दोन्हीकडे एकेक कमी करत चारपर्यंत), एकूण 37, प्रत्येकाला सहा शेजारी.

आता खरी मेख. ओळ अर्ध्याने सरकवली की मधले ठिपके झाले, असं समजतात. नाही झाले! ओळी जवळही यायला हव्यात. दोन ठिपक्यांत 3 सेंटीमीटर असतील आणि ओळींतही 3 च ठेवले, तर तिरका शेजारी जवळजवळ 3.35 वर जातो. सहाही शेजारी सारख्या अंतरावर हवेत, तर ओळींमधलं अंतर 2.6 हवं, म्हणजे ठिपक्यांमधल्या अंतराच्या 0.866 पट. ठिपके द्यायला चौकटीच्या वहीच्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात, त्यात ओळींतलं अंतरही तेवढंच राहतं, तिथेच घोळ होतो. त्या कागदाची मला मनापासून चीड आहे.

हा 0.866 आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त 120000 व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची बाजू 103923 दिली आहे. भागून बघा, तोच आकडा येतो. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवांनी मठ काढला, हे सांगणारा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याचा. मला तर पाटणादेवीला जाताना दर वेळी ठिपक्यांची रांगोळीच आठवते.

अंगणात भागाकार नको असेल तर सारख्या लांबीच्या तीन काड्या घ्या. पहिली काडी दोन ठिपक्यांमधे आडवी ठेवा, उरलेल्या दोन काड्या तिच्या दोन टोकांपासून जमिनीवरच तिरक्या ठेवा. त्या जिथे भेटतील तिथे पुढच्या ओळीचा ठिपका द्या. मी पट्टीपेक्षा काड्याच पसंत करते. सारवलेल्या अंगणाच्या उंचसखलातही त्या फसवत नाहीत.