४५० सीसीची गाडी आणि शॉकअपमधल्या चकत्या

जानेवारी २०२४ मध्ये बोट्स्वानाचा रॉस ब्रँच हीरोच्या गाडीवर सौदी अरेबियातल्या वाळवंटी डाकार रॅलीत दुसरा आला, तेव्हा मित्रांचा पहिला प्रश्न होता, "इंजिन किती सीसीचं?" ४५० म्हटल्यावर चेहरे पडले. डाकारमध्ये २०११पासून मर्यादाच तेवढी आहे. सौदीच्या वाळूत आणि दगडगोट्यांत खरी कसोटी लागते ती शॉकअपची.

गाडी साधारण १४० किलोची, टाक्यांत तीस लिटरच्या वर पेट्रोल, वर सगळा जामानिमा चढवलेला स्वार. मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन एक मीटरवरून खाली आदळलं की सुमारे २,४५० ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. आपल्या रोजच्या गाडीचं चाक जेमतेम बारा सेंमी वर सरकतं. तेवढ्या अंतरात थांबायचं तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या आठपट. रॅलीच्या गाडीचं चाक ३० सेंमी सरकतं, म्हणून ते सव्वातीन पटीवर येतं.

पण नुसती स्प्रिंग ऊर्जा जिरवत नाही. ती साठवते आणि लगेच परत देते, म्हणजे स्वार हँडलवरून पुढे. जिरवतं ते शॉकअपमधलं तेल: चाक हललं की आतला पिस्टन तेलातून सरकतो आणि तेलाला त्याच्या भोकांतून वाट काढावी लागते.

नाशिकच्या एका गॅरेजमध्ये ऑफ-रोड गाडीचा शॉकअप उघडलेला होता. मेकॅनिकने पिस्टनवरच्या पोलादी चकत्या माझ्या तळहातावर ठेवल्या. एकेक चकती ०.१ ते ०.३ मिमी जाडीची, चिमटीत धरली तर वाकणारी आणि सोडली की टणकन सरळ होणारी. सगळी करामत यांची. पिस्टनला नुसतं भोक असतं, तर तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढला असता: वेग दुप्पट, विरोध चौपट. हळू उतारावर गाडी डुलली असती आणि दगडावर शॉकअप लोखंडासारखा कडक झाला असता. भोकावर चकत्यांची चळत बसवली की दाब वाढेल तशा त्या वाकतात, वाट रुंदावते आणि विरोधाचा आलेख आटोक्यात राहतो. पिस्टनच्या दुसऱ्या तोंडावर वेगळी चळत असते, ती स्प्रिंग परत उसळताना तिला आवरते. चकत्यांचा व्यास आणि क्रम बदलला की गाडीचा स्वभावच बदलतो.

आपल्याकडे "गॅसचा शॉकअप" म्हणून मिरवतात, जणू गॅसच धक्के खातो. हे साफ चूक. आतला गॅस, म्हणजे नायट्रोजन, तेलावर दाब ठेवतो, म्हणजे पिस्टनमागे बुडबुडे होत नाहीत. फेसाळलेलं तेल विरोध करत नाही.

जिरलेली ऊर्जा उष्णता होते. शेकडो किलोमीटर दणके खाऊन तेल तापतं, पातळ होतं, शॉकअप मऊ पडतो. त्याच वेळी टाकी रिकामी होऊन वीसेक किलो वजन उतरलेलं असतं. सकाळी भरल्या टाकीला जुळवलेला शॉकअप दुपारी वेगळ्याच गाडीला सांभाळत असतो. म्हणून त्यावर विरोध कमीजास्त करायला हाताने फिरवायची चक्री असते आणि वाटेतल्या पेट्रोलच्या थांब्यावर ती दोन टिकटिक इकडेतिकडे करता येते.