व्हिडिओ रेकॉर्डरसाठी बाह्य हार्ड डिस्कचे फॉरमॅट

डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडलेल्या असतात तिला फाइल सिस्टिम किंवा बोलीत फॉरमॅट म्हणतात. डीव्हीआर (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर), सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्हीला ही मांडणी वाचता आली नाही, तर नवी कोरी डिस्कही त्याला दिसत नाही. सोलापुरात हा प्रश्न मुख्यतः दोन कामांत येतो: यंत्रमाग कारखाने व दुकानांतल्या सीसीटीव्हीचा बॅकअप, आणि लग्नांचे व मिरवणुकांचे चित्रीकरण.

फॅट३२ जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळते, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. ४ एमबीपीएसचे (सेकंदाला ४ मेगाबिट) रेकॉर्डिंग तासाला १.८ जीबी जागा खाते, म्हणजे साधारण २ तास २० मिनिटांत ही हद्द गाठते; ८ एमबीपीएसला सव्वा तासही लागत नाही. सिद्धेश्वर यात्रेत ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघालेली नंदीध्वजांची मिरवणूक तासन्‌तास चालते. अशा वेळी चांगला रेकॉर्डर आपोआप पुढची फाइल सुरू करतो. साधा असेल तर तिथेच थांबतो, आणि ते घरी आल्यावर कळते.

मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींवर त्यात लिहिता-वाचता येते, म्हणून एडिटिंगला डिस्क द्यायची असेल तर हेच सोयीचे. जुने डीव्हीआर मात्र ते ओळखत नाहीत. अनेक रेकॉर्डर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात तिच्या मूळ गाभ्यातच एक्सफॅट आले ते २०१९ मध्ये. विंडोजचे एनटीएफएस जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी फाइलींची मांडणी सहसा सावरते. फॅट३२ आणि एक्सफॅटला तो आधार नाही. मॅक एनटीएफएस नुसते वाचतो, त्यावर लिहीत नाही. लिनक्सचे ईएक्सटी४ फॉरमॅट लिनक्सवरच्या रेकॉर्डरला चालते, पण विंडोजला ती डिस्क जोडली की ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न येतो. तिथे ‘नाही’च म्हणायचे. सीसीटीव्ही डीव्हीआरच्या आतली डिस्क काढून संगणकाला लावली तरी बहुधा हाच प्रश्न येतो, कारण अनेक डीव्हीआर स्वतःचीच मांडणी वापरतात. फुटेज डीव्हीआरच्या बॅकअप मेनूतूनच घ्यावे.

निवड करताना आधी रेकॉर्डरचे माहितीपत्रक पाहावे: कोणते फॉरमॅट, जास्तीत जास्त किती टीबी. मग डिस्कवरचा डेटा दुसरीकडे उतरवून रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करावे. संगणकावर फॉरमॅट करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. तशी सोय नसेल तर विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट उघडून एकच पार्टिशन (डिस्कचा विभाग) ठेवावे. बरीच यंत्रे पहिल्या पार्टिशनपलीकडे बघत नाहीत. ३२ जीबीच्या वर विंडोजची फॉरमॅट खिडकी सहसा फॅट३२ चा पर्याय देत नाही, तिथे वेगळे साधन लागते. पार्टिशनचा तक्ता, म्हणजे विभागांची नोंद, एमबीआर (जुना प्रकार) की जीपीटी (नवा प्रकार) हेही पाहावे: एमबीआर साधारण २ टीबीपर्यंतच पुरतो, आणि जुन्या रेकॉर्डरला जीपीटी कळत नाही. म्हणून जुन्या यंत्राला ४ टीबीची डिस्क घेणे म्हणजे पैसे अडकवणे. शेवटी अडीच-तीन तासांचे रेकॉर्डिंग करून ते थेट शेवटापर्यंत चालवून पाहावे. पाच मिनिटांच्या चाचणीत ४ जीबीची अडचण दिसणारच नाही.

सेट-टॉप बॉक्सचे रेकॉर्डिंग बहुधा कूटबद्ध असते आणि त्याच बॉक्सला बांधलेले असते. फॉरमॅट कुठलेही असले, तरी ते दुसरीकडे चालत नाही.

‘डिस्क फॉरमॅट करा’ हा संदेश पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष फॉरमॅटचा नसून विजेचा असण्याचा संभव मोठा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. पोर्टेबल डिस्कला सुरू होताना याहून जास्त वीज लागू शकते. मग ती टकटक करते, बंद पडते, परत जागी होते. आखूड केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावून पाहावा. साडेतीन इंची डिस्कला तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतोच. वीज ये-जा करत असेल, तर रेकॉर्डर आणि डिस्क दोन्ही एकाच यूपीएसवर घ्यावेत; रेकॉर्डरला यूपीएस लावून डिस्कचा अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला ठेवला, तर वीज जाताच चालू फाइल अर्धवट राहते.