काउंटी, आदिवासी सरकार आणि मधला उकिरडा : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या ग्रामीण भागात एखादी काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे स्थानिक प्रशासन) आणि शेजारचे आदिवासी सरकार (मूळ अमेरिकन जमातीचे स्वशासन) मिळून ओसाड ट्रेलर-घरे, गंजलेल्या गाड्या आणि उघडे उकिरडे हटवायचा करार करतात, तेव्हा बातमी बहुधा जेसीबीच्या फोटोवर संपते. कचरा उचलायला करार का लागतो, हे त्यात येत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

मुळाशी १८८७ चा वाटप कायदा आहे. त्याने सामाईक जमीन माणशी तुकड्यांत वाटली आणि ‘उरलेली’ बाहेरच्यांना खुली केली. १९३४ मध्ये वाटप थांबले तेव्हा आदिवासींच्या सुमारे १३.८ कोटी एकरांपैकी ४.८ कोटी एकर उरले होते. मागे राहिला तो बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा. एक तुकडा केंद्राच्या विश्वस्तपणाखाली (मालकी केंद्राच्या नावे, उपभोग आदिवासींचा), शेजारचा खाजगी खरेदीखताचा, त्यापलीकडचा एकाच मूळ धारकाच्या कितीतरी वारसांच्या सामाईक नावावर. सातबाऱ्यावर पणजोबांची अख्खी वंशावळ चढलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. अशा तुकड्यावरचे पडके घर पाडायचे तर सही कुणाकुणाची घ्यायची?

या गुंत्याला आजचे रूप दिले ते १५ ऑगस्ट १९५३ च्या कायद्याने. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, नेब्रास्का, ओरेगॉन आणि विस्कॉन्सिन या राज्यांना (अलास्का नंतर आले) काही अपवाद सोडून राखीव क्षेत्रांतल्या, म्हणजे जमातींसाठी राखलेल्या प्रदेशांतल्या, गुन्ह्यांवर अधिकार मिळाला आणि तिथले दिवाणी दावेही राज्याच्या न्यायालयांत चालू लागले. आदिवासींची संमती कुणी घेतली नाही. सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनीच या उणिवेबद्दल लेखी नाराजी नोंदवली होती, पण संमतीची अट यायला १९६८ उजाडले, आणि तीही पुढच्या प्रकरणांपुरती. कायद्यासोबत राज्यांना पैसा मिळाला नाही. उलट या राज्यांतल्या आदिवासी न्यायालयांना आणि पोलिसांना मिळणाऱ्या केंद्राच्या निधीचा हात आखडला.

मग प्रश्न उभा राहिला की काउंटीचे बांधकाम नियम, जमीनवापराचे नियम, अंगणात भंगार साठवल्याचा दंड हे सगळे राखीव क्षेत्रात लागू होते का. या प्रश्नाचे उत्तर ज्या दोन खटल्यांतून आले, ते दोन्ही चाकांवरच्या घरांचे होते, आणि या पार्श्वभूमीत मला सर्वांत महत्त्वाचे तेच वाटतात. कॅलिफोर्नियातल्या किंग्ज काउंटीने आदिवासी कुटुंबांच्या मोबाइल होमना आपला परवाना लागेल असे म्हटले. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले. मिनेसोटातल्या इटास्का काउंटीने १९७२ मध्ये राखीव क्षेत्रातल्या एका मोबाइल होमवर १४७.९५ डॉलरचा कर लावला. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९७६ मध्ये एकमताने निकाल लागला : १९५३ च्या कायद्याने खाजगी तंटे ऐकायला राज्याची न्यायालये दिली आहेत, कर बसवण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार दिलेला नाही.

या निकालामुळेच राखीव क्षेत्रे बेवारस झाली, अशी तक्रार काउंट्यांच्या बाजूने आजही ऐकू येते. मला ती पटत नाही. निकालाने अधिकार आदिवासी सरकारांकडे राहू दिला, आणि तो तिथेच असायला हवा होता. नियम राबवायला लागणारे निरीक्षक, कचरागाड्या, शास्त्रशुद्ध भरावभूमी (लँडफिल) यांसाठी पैसा मात्र कुणीच दिला नाही. दोष द्यायचा तर या रिकाम्या खान्याला द्यावा.

त्यातच पटाच्या दुसऱ्या रंगाच्या चौकोनांवर उलटे घडले. १९८१ च्या मोन्टाना खटल्यात ठरले की राखीव क्षेत्रातल्या बाहेरच्यांच्या खाजगी जमिनीवर आदिवासी सरकारची सत्ता सहसा चालणार नाही. अपवाद दोनच : बाहेरच्याने जमातीशी केलेला करार वा व्यवहार, आणि जमातीच्या आरोग्य-हिताला किंवा स्वशासनालाच धोका पोचवणारे वर्तन. १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकामा प्रकरणात न्यायाधीशांचे बहुमतच जुळले नाही. राखीव क्षेत्राचा बाहेरच्यांना प्रवेश नसलेला बंदिस्त भाग आदिवासी सरकारच्या नियमांखाली, तर खुल्या भागातली खाजगी जमीन काउंटीच्या नियमांखाली, अशी वाटणी झाली. म्हणजे भंगार एका कुंपणाच्या अलीकडे असेल तर एकाचे, पलीकडे सरकले की दुसऱ्याचे. त्याच राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत न्यायालयात जाण्याऐवजी काउंटी आणि आदिवासी अशा दोन्ही सरकारांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जमीनवापराचे एकत्र नियोजन हाती घेतले. पुढच्या अनेक करारांचे बीज तिथे सापडते.

कचऱ्याच्या कायद्याने परिभाषेचा आणखी एक घोळ घातला. १९७६ च्याच घनकचरा कायद्यात आदिवासी सरकारची गणना ‘नगरपालिका’ या व्याख्येत केली आहे. पाणी आणि हवेच्या कायद्यांनी मात्र १९८७ आणि १९९० मध्ये त्याला राज्यासमान वागवायची सोय केली. नदीपुरते राज्य आणि उकिरड्यापुरती नगरपालिका! राज्य म्हणून मिळणारी जबाबदारी आणि निधी घनकचऱ्यात आलाच नाही. १९९४ मध्ये संसदेने उघड्या उकिरड्यांसाठी वेगळा कायदा केला, तेव्हा आदिवासी जमिनींवर असे किमान ६०० उकिरडे असल्याचे त्यातच नमूद होते.

इथे अशा करारांत ओसाड जागांना लावल्या जाणाऱ्या ‘ब्लाइट’ या इंग्रजी शब्दाकडे वळायला हवे. मूळ अर्थ पिकावरचा रोग, आपला करपा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नगररचनाकारांनी तो मोडकळीला आलेल्या वस्त्यांना लावला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करपलेला ठरवलेला संपूर्ण भाग सक्तीने ताब्यात घ्यायला मुभा दिली. राजधानीतल्या ज्या भागाचा तो खटला होता, तिथून उठले ते प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय. जमीन हातची गेलेल्या जमातींना हा शब्द कसा ऐकू येत असेल, ते वेगळे सांगायला नको. जमातीच्या नावे असलेली विश्वस्त जमीन काउंटीला संपादित करता येत नाहीच. तरीही सामंजस्याच्या मसुद्यात हा शब्द आला की पुढचे बोलणे अवघड होते. करपा म्हटले की रोग झाडाचा ठरतो, पाणी तोडणारा नजरेआड राहतो.

कॅलिफोर्नियातले कोचेला खोरे हे याचे धडधडीत उदाहरण. खजूर आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काउंटीने विनापरवाना ट्रेलर-वस्त्यांवर कारवाई सुरू केली. शेतमजुरांना दुसरे परवडणारे घर नव्हते. कुटुंबे ट्रेलरसह टोरेस-मार्टिनेझ राखीव क्षेत्रातल्या एका सदस्याच्या वैयक्तिक तुकड्यावर आली, कारण तिथे काउंटीचा नियम पोचत नव्हता. चाळीस एकरांत हजारो माणसे राहू लागली, त्यांत मेक्सिकोतल्या पुरेपेचा या आदिवासी समाजाची कितीतरी. वीज धोकादायक, सांडपाणी उघड्यावर, आणि शेजारीच शेतकचरा जळणारा मोठा उकिरडा. हा करपा जमातीने आणला नव्हता. काउंटीने तो हद्दीबाहेर ढकलला होता.

२००६ मध्ये इथे केंद्र, राज्य, काउंटी आणि आदिवासी सरकार यांच्या वीसहून अधिक यंत्रणा उकिरड्यांसाठी एकत्र बसल्या. मोठा उकिरडा न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. ट्रेलर-वस्तीही बंद करा, अशी केंद्राची मागणी होती. माणसांना जायला जागाच नाही हे पाहून न्यायाधीशांनी २००९ मध्ये ती तत्काळ मान्य केली नाही आणि देखरेख नेमली. वस्ती रिकामी झाली ती २०१३ मध्ये, काउंटीच्या पैशातून नवी घरे उभी राहिल्यावर. घर आधी, पाडकाम नंतर हा क्रम इथे पाळला गेला. तो सगळीकडे पाळला जात नाही.

आजच्या करारांमागे पैशाचे दोन-तीन झरे आहेत. २००२ च्या कायद्याने दूषित जागांच्या सफाईसाठी राज्यांबरोबर आदिवासी सरकारांनाही अनुदानाची वाट उघडली आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने त्या कामात १५० कोटी डॉलर घातले. वारसांच्या तुकड्यांचा प्रश्न केंद्र आणि आदिवासी खातेदार यांच्यातल्या खटल्याच्या २००९ च्या तडजोडीने थोडा सैल केला. तिच्यातल्या १९० कोटी डॉलरमधून स्वखुशीने विकलेले हिस्से २०२२ पर्यंत जमातींकडे परत आले. सहीसाठी शोधायची माणसे तेवढी कमी झाली.

प्रत्यक्ष करार साधे असतात : यंत्रे आणि माणसे एकाची, भरावभूमीचे शुल्क माफ करणार दुसरा, जुन्या ट्रेलरमधला अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिसे तपासणार कोण, बेवारस गाडीची मालकी निकालात काढणार कोण. शेवटी बहुधा एक कलम असते, की या करारामुळे कोणत्याही पक्षाचा अधिकार वाढत नाही आणि कमीही होत नाही. सर्वांत जास्त बैठका याच कलमावर खर्ची पडतात.