मुळशीचं पाणी कोकणात कसं गेलं?

मुळा नदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेला पुण्याकडे वाहते. मुळशीला मात्र तिचं पाणी अडतं, बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळतं, भिऱ्याच्या वीजघरावर सुमारे ५०० मीटर खाली कोसळतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं.

या उलट्या प्रवासाचं मूळ मुंबईच्या गिरण्यांत आहे. कोळसा दुरून आणावा लागे, आणि घाटमाथ्यावर तर धो धो पाऊस, शेजारीच कोकणात उतरणारा सरळसोट कडा. जमशेदजी टाटांनी हे हेरलं होतं; प्रत्यक्ष वीज आली त्यांच्या मृत्यूनंतर. खोपोलीचं वीजघर १९१५मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२मध्ये, मुळशीच्या पाण्यावरचं भिरा १९२७मध्ये.

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या तारखेच्या मध्येच मुळशीचा सत्याग्रह येतो. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे ११ हजार माणसं धरणाच्या वाटेत होती. जमीन गेली ती भूसंपादन कायद्यानं, म्हणजे टाटांच्या कंपनीसाठी सरकारी हातानं. १९२१च्या रामनवमीला मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच चिकटली. काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं आणि अटकसत्र चाललं.

फूट मात्र आतूनच पडली. बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. नुकसानभरपाई चांगली मिळते म्हटल्यावर त्यांना लढ्यात रस उरला नाही. कसणाऱ्या कुळाच्या हाती काय पडणार, हा प्रश्न त्यांचा नव्हता. पुणेकरांनी हा भाग सोयीनं विसरलाय, असं माझं मत. बापटांनी शेवटी बांधकामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

आता भांडण पाण्याचं आहे. पाऊस कमी झाला की टाटांच्या धरणांतलं पाणी भीमेच्या खोऱ्यात सोडा, ही मागणी पुण्यातून, सोलापुरातून उठते. पण भिऱ्याला वीज करून सुटलेल्या पाण्यावर आज खालची शेती आहे, रोह्याचे कारखाने आहेत, अगदी कोलाडचं राफ्टिंगही त्यावरच चालतं. भिऱ्याहून पाणी सुटल्याशिवाय तिथली बोट हलत नाही.