भावना समजून घेणं आणि हट्ट पुरवणं

"मुलाच्या भावना समजून घ्या म्हणता, पण मग तो डोक्यावर नाही का बसणार?" नागपुरात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न आईबाबांकडून सतत येतो. अगदी उलटी तक्रारही तितकीच येते: "आम्ही तर सगळं समजूनच घेतो, कधी ओरडत नाही, तरी पोरगी ऐकतच नाही." थोडं खोलात विचारलं की दोन्ही घरांतला गोंधळ एकच निघतो. पहिल्या घरात हट्ट पुरवावा लागेल या भीतीनं मुलाची भावनाच झिडकारली जाते. दुसऱ्या घरात भावना समजून घेता घेता हट्टही पुरवून टाकला जातो. भावनेला पूर्ण 'हो' म्हणून हट्टाला ठाम 'नाही' म्हणता येतं, हे दोन्हीकडे कुणी सांगितलेलंच नसतं.

तान्ह्या पोळ्याचं उदाहरण घेते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि गल्लीगल्लीत पोरं आपापले लाकडी नंदी सजवून घेऊन येतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये तान्ह्या पोळ्याची प्रथा सुरू केली असं सांगतात. नंदी घेऊन घरोघरी गेलं की बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो, त्यामुळे पोरांचा उत्साह विचारू नका. त्याआधीच्या दिवसांत बाजारात नंदी मांडलेले असतात, तळहातावर मावणाऱ्यापासून पोराच्या कमरेला लागणाऱ्यापर्यंत. पाच वर्षांचा मुलगा त्यातल्या सगळ्यात मोठ्या नंदीची शिंगं दोन्ही हातांनी धरून बसतो आणि सोडत नाही. घरी मागच्या वर्षीचा धडधाकट नंदी आहे, आणि हा घरच्या हिशेबात बसत नाही.

एक बाबा म्हणतात, "चूप! काहून जिद्द करून राहिला? घरी चल, मग दाखवतो." दुसरे म्हणतात, "बरं घे बापा, रडू नको, लोक पाहून राहिले." एक आई मुलाच्या उंचीला खाली बसते. "तुला तो मोठावाला पाहिजे. शेजारच्या दादाकडे तसाच आहे ना? आपला छोटा आहे म्हणून वाईट वाटून राहिलं." मुलगा मान हलवतो आणि आणखी जोरात रडतो. "हो, रड. मी इथंच आहे. मोठा आज घ्यायचा नाही. आपल्या नंदीच्या शिंगांना कोणता रंग द्यायचा, ते तू सांग."

या तिसऱ्या प्रसंगात दोन गोष्टी घडलेल्या नाहीत, त्यांच्याकडे लक्ष द्या. मुलाला नंदी मिळालेला नाही आणि त्याचं रडणंही थांबलेलं नाही. इथेच पालक निराश होतात. "तुम्ही सांगितलं तसंच बोललो, तरी रडतच होता." भावना समजून घेतली की मूल लगेच शांत व्हावं अशी आपली अपेक्षा असते, आणि ते झालं नाही की आपण एकतर ओरडतो किंवा वस्तू हातात देतो. पण ते बोलणं मुलाला गप्प करण्यासाठी नसतंच. मनासारखं झालं नाही तरी आई आपल्याजवळून हलली नाही, एवढं त्याला कळावं यासाठी ते असतं. रडणं त्याच्या वेळेनं ओसरतं.

ओसरतं कसं, तेही पाहू. राग, भीती, निराशा उसळली की मेंदूतला अमिग्डला नावाचा छोटा भाग फार सक्रिय होतो. त्याला आवर घालण्यात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाकडे तो आवर फारसा नसतोच. काही काळ मोठ्या माणसानं तो उसना द्यायचा असतो. भावनेला शब्द दिल्यानं काय होतं हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तपासलं होतं. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना प्रौढांच्या अमिग्डलाची सक्रियता कमी झालेली दिसली. प्रयोग मोठ्यांवरचा होता, त्यामुळे तो जसाच्या तसा मुलांना लावू नये. तरी "तुला वाईट वाटतंय" हे वाक्य नुसता गोड शब्द नाही, हे समजायला तो पुरेसा आहे.

हट्ट पुरवण्यामागचं गणित निराळं आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं असलं की कबुतर बटणावर चोच मारणं लवकर सोडत नाही. दर वेळी मिळणारा दाणा बंद झाला, तर त्या मानानं लवकर सोडतं. आपल्या घरांतला मोबाइल बहुधा असाच मिळतो. सोमवारी जेवताना नाही, मंगळवारी पाहुणे आले म्हणून हो, बुधवारी नाही, मग वीस मिनिटं रडल्यावर हो. त्या बुधवारी मूल काय शिकलं? वीस मिनिटं रडावं लागतं. म्हणून मी पालकांना सांगते, द्यायचंच असेल तर पहिल्या मागणीला खुशाल द्या. त्यात कमीपणा काही नाही. रडल्यावर देऊ नका. आणि एकदा 'नाही' वर ठाम राहायचं ठरवलं की सुरुवातीचे दिवस हट्ट वाढू शकतो, आदळआपट होऊ शकते, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. या वाढीलाच घाबरून बरेच जण माघार घेतात.

माया आणि धाक यांचा व्यस्त हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय: एक वाढलं की दुसरं घटतं. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पालकांचा अभ्यास केला, आणि १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्याची मांडणी पुढे नेली. त्यांच्या मांडणीत जिव्हाळा आणि नियम या दोन स्वतंत्र बाजू आहेत. एखाद्या घरात दोन्ही भरपूर असू शकतात, दोन्ही कमीही असू शकतात. तिथली कुटुंबं आणि आपली कुटुंबं सारखी नाहीत, हे मान्य. पण या बाजू वेगळ्या धरून पाहिल्या की "प्रेमळ व्हावं की कडक?" हा प्रश्नच उरत नाही.

काही वेळा मात्र हट्ट दिसतो आणि तो हट्ट नसतो. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, रात्री लाइट जाते, कूलर बंद पडतो, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात मूल जमिनीवर लोळण घेतं. ते झोपेचं, तहानेचं रडणं असतं. तिथे ठामपणा दाखवण्यात काही अर्थ नाही. पाणी द्या, सावलीत न्या, झोपवा. दिवसाच्या कुठल्या वेळी आदळआपट होते याची आठवडाभर वहीत नोंद ठेवायला मी सांगते. पुष्कळ घरांत ती जेवणाआधीची किंवा शाळेतून आल्यानंतरची निघते, आणि मग बोलण्याआधी ताट वाढणं जास्त उपयोगी पडतं.

वय वाढलं की ही सीमारेषा आणखी नाजूक होते. सोळा वर्षांची मुलगी म्हणते, "मला नीटचा क्लास करायचाच नाही." बाबांना हा हट्ट वाटतो, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या त्या क्लासची फी भरलेली असते, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं. इथे "तुला वाईट वाटतंय, पण क्लास करावाच लागेल" हे सूत्र लावू नका. नंदीचा निर्णय आईबाबांचा होता, हा निम्म्याहून अधिक तिचा आहे. भावना ऐकताना कधी कधी अशी माहिती हाती येते की आपलाच निर्णय बदलावा लागतो, आणि पुरेसं ऐकून बदललेला निर्णय म्हणजे हट्ट पुरवणं नव्हे. नुकताच पेपर वाईट गेल्याचं ते दुःख आहे, की सहा महिने कुढत राहिलेली नावड आहे, हे एका संध्याकाळीत कळत नाही. दोन-तीनदा बसावं लागतं, शक्यतो मार्कांचा विषय न काढता.

आणि एका गोष्टीला कधीही हट्ट किंवा नाटक म्हणू नका. मूल दोन आठवडे किंवा त्याहून जास्त उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही सोडल्या असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जगायचं नाही, मरून जावं, असं बोलत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याच दिवशी. आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

आता ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्या पालकाबद्दल. दिवसभर ड्यूटी करून, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आलेल्या, दुपारपासून उपाशी असलेल्या आईकडून शांतपणे 'नाही' म्हणवत नाही. ती एकतर ओरडते, नाहीतर मोबाइल देऊन टाकते. तिला मी धीर वाढवायला सांगत नाही. आधी काहीतरी खा, दहा मिनिटं टेका, मग मुलाजवळ बसा, असं सांगते. आणि मोबाइल, टीव्ही, खाऊ यांचे दोन-तीन नियम नवरा-बायकोनं मुलं झोपल्यावर ठरवावेत, भांडण पेटलेलं असताना नव्हे.

आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही त्यात घ्या. आई नाही म्हणते आणि आजी पदराआडून देते, ही गोष्ट पुष्कळ घरांत आहे. "तुम्हीच लाडावून ठेवलं" म्हटलं की आजी दुखावतात आणि देणं काही थांबत नाही. त्यापेक्षा त्यांच्याकडे एक काम सोपवा: नातू रडत आला की मांडीवर घ्यायचा, डोळे पुसायचे, "आईनं दिला नाही का रे, वाईट वाटलं माझ्या सोन्याला" म्हणायचं, आणि मोबाइलचं तेवढं आईलाच विचारायला सांगायचं. बहुतेक आज्या हे आनंदानं घेतात. त्यांना नातवाचं रडणं पाहवत नसतं; मोबाइल मिळतो की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.