व्हर्च्युअल मशीनमधून आवाज येत नाही? आधी हे पाहा

पेठांमधल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांकडे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली कॉम्प्युटरमध्ये, जुनं विंडोज एक्सपी अजून चालू आहे. कुणाला जर्मन शिकवायच्या जुन्या सीडी लागतात, कुणाला रियाजासाठी तानपुऱ्याचं एखादं जुनं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, पण ही कामं काही थांबली नाहीत. तक्रार येते ती एकच: सगळं दिसतं, ऐकू काहीच येत नाही.

सुरुवातीलाच एक कळकळीची विनंती. आवाज गेला म्हणून आतलं विंडोज पुन्हा टाकू नका. तुमचा वर्षांनुवर्षांचा डेटा तिथे आहे, आणि बिघाड बहुतेक वेळा सेटिंगमध्येच असतो.

शोध बाहेरून आत घ्या. बाहेरच्या कॉम्प्युटरवर एखादं गाणं लावून बघा. तेही वाजत नसेल तर दोष स्पीकरचा, वायरीचा किंवा बाहेरच्या विंडोजचा. गाणं वाजत असेल तर व्हर्च्युअल मशीन चालू ठेवून बाहेरचा व्हॉल्यूम मिक्सर उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रामची वेगळी पट्टी असते. व्हर्च्युअलबॉक्सची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामची) पट्टी शून्यावर किंवा म्यूटवर असेल, तर आत कितीही आवाज वाढवला तरी बाहेर काही येणार नाही. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर ते आधी जोडा आणि मशीन मागाहून सुरू करा.

आता व्हर्च्युअलबॉक्सची ऑडिओ सेटिंग. मशीन आतून शट डाउन करा. नुसतं सेव्ह करून ठेवलेलं असेल तर ऑडिओ कंट्रोलर बदलता येत नाही. ‘एनेबल ऑडिओ’ आणि ‘ऑडिओ आउटपुट’ या दोन्हींवर टिक हवी. दुसरी टिक अनेकांच्या नजरेतून सुटते.

त्याखालचा ‘ऑडिओ कंट्रोलर’ नीट समजून घ्या. आतल्या विंडोजला तुमचं खरं साउंड कार्ड दिसत नाही. व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यापुढे एक नकली कार्ड ठेवतो, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) आतल्या विंडोजकडे असावा लागतो. एक्सपीसाठी ‘आयसीएच एसी९७’ निवडा. विंडोज ७ आणि त्यापुढच्यांसाठी ‘इंटेल एचडी ऑडिओ’. ६४-बिट विंडोज ७ मध्ये एसी९७ चा ड्रायव्हरच येत नाही. निवड चुकली की कंट्रोल पॅनेलमध्ये ‘नो ऑडिओ डिव्हाइस’ दिसतं. गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून उपयोग नाही, कारण त्यात साउंडचा ड्रायव्हर नसतो.

कार्ड दिसतंय आणि तरी आवाज नाही, असं असेल तर एक्सपीच्या सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज ऑडिओ’ चालू आहे का ते बघा, आणि तिचा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करून ठेवा.

व्हर्च्युअलबॉक्सऐवजी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे व्हर्च्युअल साउंड कार्ड नसतंच. एक्सपीमध्ये बाहेरच्या विंडोजमधल्या रिमोट डेस्कटॉप प्रोग्रामने शिरा आणि त्याच्या ‘लोकल रिसोर्सेस’ टॅबमध्ये आवाज ‘या कॉम्प्युटरवर वाजवा’ असा ठेवा.

एवढं करूनही आवाज आला नाही तर आम्हाला फोन करा. व्हर्च्युअल मशीनचा कोणता प्रोग्राम, त्याची आवृत्ती, आत कोणतं विंडोज आणि मिक्सरमध्ये त्याच्या पट्टीवरची आवाजाची पातळी हलते का, एवढं सांगा. पातळी हलत असेल तर आवाज मशीनमधून बाहेर पडतोय, म्हणजे तुम्हाला कॉम्प्युटर उचलून दुकानात आणायची बहुधा गरज नाही, फोनवरच बघू.